गोळी थकली, की अंगात कुठेतरी काही खुपतंय?

कागल तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातलं मुद्द्यापुरतं इथे देते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते बाकीच्या वाचकांनाही कळेल.

ताईंचे यजमान ४१ वर्षांचे. ६ वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि पाठीचा डी ८ मणका मोडला. ऑपरेशन झालं, पण पायांत ताकद परतली नाही. व्हीलचेअरवर बसून घराला लागूनच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच नळी घालतात. अपघातानंतर काही महिन्यांनी पाय ताठायला लागले, तेव्हा बॅक्लोफेन सुरू झालं, १० मिलीग्रॅमची गोळी तीन वेळा. "पहिल्याच आठवड्यात पाय असे मऊ पडले की वाटलं अंबाबाईच पावली," असं ताई लिहितात. पुढे डोस वाढत गेला. आता २५ मिलीग्रॅम तीन वेळा, शिवाय रात्री टिझॅनिडिन, तेही ताठा कमी करणारंच औषध. तरीही दिवाळीपासून पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, खुर्चीतून पुढे घसरायला होतं, रात्री झटक्यांनी दोघांचीही झोप मोडते. "गोळी आता चालंनाच झालीया. डॉक्टर म्हणत्यात अंगाला सवय झाली." थोरल्या दिरांचं म्हणणं असं की पंधरा दिवस गोळ्या पूर्ण बंद ठेवा, सवय मोडेल, मग परत लागू पडतील. एकाने भांगेचं तेल सुचवलंय. एकाने पोटात बसवायच्या पंपाचं सांगितलंय, पण त्याची किंमत ऐकून घरात कोणी परत विषय काढला नाही. ताई विचारतात, यातलं काय करू?

ताई, एक गोष्ट आधी सांगते. ती वाचून बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. बॅक्लोफेन एकदम बंद करू नका. पंधरा दिवस सोडा, दोन दिवसही नाही. इतकी वर्षं इतक्या डोसवर असलेल्या माणसाची गोळी अचानक तुटली, तर एक ते तीन दिवसांत अंगाला खाज सुटते, भास व्हायला लागतात, ताप चढतो, फिट येऊ शकते. पाय आधीपेक्षा कितीतरी जास्त ताठतात. तो ताठा इतका असू शकतो की स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतला मळ मूत्रपिंडात अडकतो. हे दुर्मिळ असेल, पण यात माणसं आयसीयूत जातात आणि काही वेळा दगावतातही. गोळी कमी करायचीच झाली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण आठवड्याला ५ ते १० मिलीग्रॅम अशा बेताने कमी करतात. टिझॅनिडिनही असंच झटक्यात सोडायचं नसतं, त्याने रक्तदाब उसळतो.

थोरल्या दिरांना वाईट वाटू देऊ नका. त्यांनी जे ऐकलं असेल त्याला कुठेतरी आधार आहे. ज्यांना पंपातून बॅक्लोफेन दिलं जातं, त्यांतल्या काहींना खरोखर औषध लागू पडेनासं होतं. तेव्हा त्यांना दवाखान्यात दाखल करून, पंपातलं औषध हळूहळू उतरवून, मधल्या काळात दुसरं औषध देऊन, शरीराला थोडी विश्रांती देतात. ते दवाखान्यात चोवीस तास लक्ष ठेवून करायचं काम आहे, घरी करायचं नाही.

याच ओघात आपल्या भागापुरतं एक सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा हायवे कित्येक दिवस बंद होता. २०२१ लाही तेच झालं. ज्या घरात बॅक्लोफेन चालू आहे त्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर किमान तीन आठवड्यांच्या गोळ्या असायलाच हव्यात. तुमच्या मेडिकलवाल्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गोळीची सवय झाली हे खरं असू शकतं. पण तुमचं पत्र वाचताना तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याशी मी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: "लघवीला मधीमधी घाण वास येतो, मग मेडिकलमधनं पाच दिवसाचा कोर्स आणतो, कोर्स चालू असला की ह्यांना लई गरगरतंय, डोळं उघडत नाहीत." माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचा जीव या वाक्यात आहे.

पाय का ताठतात ते थोडक्यात समजून घ्या. स्नायू ओढला गेला की तो आखडतो, ही मज्जारज्जूची स्वतःची प्रतिक्रिया आहे. ती तुमच्या-माझ्या शरीरातही आहे, पण मेंदूकडून येणारे संदेश तिला आवर घालतात. मज्जारज्जूला इजा झाली की तो आवर जातो आणि प्रतिक्रिया मोकाट राहते. त्यामुळे कमरेखाली काहीही टोचलं, तुंबलं, सुजलं की ते तुमच्या यजमानांना कळत नाही, त्यांच्या पायांना कळतं. मूत्राशयातला खडा, लघवीतला संसर्ग, साचलेला शौच, बसण्याच्या जागी होऊ घातलेली जखम, अंगठ्याच्या मांसात घुसलेलं नख, घट्ट बूट, इतकंच काय, खिशात राहिलेली चावी, या सगळ्यांची तक्रार पाय ताठूनच येते. अशा वेळी गोळीचा डोस वाढवला तर चार दिवस बरं वाटतं आणि खुपणारी गोष्ट तशीच राहते. मग पुन्हा डोस वाढतो, आणि वर्षाने आपण म्हणतो, सवय झाली.

खरं तर तोंडाने घ्यायच्या बॅक्लोफेनवर अनेक रुग्ण वर्षानुवर्षं एकाच डोसवर नीट राहतात. म्हणून चांगलं चाललेलं दोन-तीन महिन्यांत बिघडलं, की मी आधी सवयीचा विचार करत नाही. आधी कारण शोधते. आम्हा डॉक्टरांनाही ओपीडीच्या गर्दीत डोस वाढवून देणं सोपं जातं. कपडे काढून, कुशीवर वळवून, पाठ-कंबर-टाचा बघायला वेळ लागतो. तो वेळ तुम्ही हक्काने मागा.

लघवीपासून सुरुवात करा. रोज नळी घालणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू बऱ्याचदा सापडतात. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली म्हणून दर वेळी अँटिबायोटिक घ्यायचं नसतं, उलट त्याने जंतू निर्ढावतात. पण ताप, थंडी, नळी घालूनही मधेच कपडे ओले होणं, किंवा एकाएकी पायांचा ताठा वाढणं, यातलं काही सोबत असेल तर तो संसर्ग खरा धरायचा. अशा वेळी औषधाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत आणि ते कशाला दाद देतात याची तपासणी, द्यायचं, आणि कल्चर सांगेल ते औषध घ्यायचं. मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी शेवटची कधी झाली ते पत्रात नाही. वर्ष उलटलं असेल तर करून घ्या. वारंवार संसर्ग होणाऱ्याच्या मूत्राशयात खडा असणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि खडा काढल्यावर पाय निवळल्याचं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता त्या गरगरण्याबद्दल. मेडिकलमधून आणलेल्या कोर्सची पट्टी घरात असेल तर आजच तिच्यावरचं नाव वाचा. ते सिप्रोफ्लॉक्सॅसिन असेल, तर ते आणि टिझॅनिडिन एकत्र घ्यायला सक्त मनाई आहे. टिझॅनिडिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीरातून निघून जातं, ते एन्झाइम सिप्रोफ्लॉक्सॅसिन बंद पाडतं. मग एका गोळीचा रक्तातला परिणाम सरासरी दहापट होतो. रक्तदाब कोसळतो, माणूस डोळे मिटून पडतो. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन आपल्याकडे सर्रास दिलं जातं, आणि मणक्याच्या रुग्णांना टिझॅनिडिनही सर्रास असतं. ही जोडी कित्येक घरांत कुणाच्या लक्षात न येता चालू असेल, या विचाराने मला खरंच धास्ती वाटते. नैराश्यासाठी किंवा मंत्रचळासाठी देतात त्या फ्लुवोक्सामिनचंही टिझॅनिडिनशी तसंच वैर आहे. म्हणून एक कागद करा. त्यावर सगळ्या औषधांची नावं आणि डोस लिहा, आणि मेडिकलच्या काउंटरवर काहीही मागण्याआधी तो कागद पुढे ठेवा.

पट्टीवर दुसरं नाव निघालं तरी गरगरण्याचं कारण शोधायचंच आहे, आणि तिथे मूत्रपिंडांचा प्रश्न येतो. बॅक्लोफेन बहुतांशी न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं. इतकी वर्षं लघवीचा त्रास असलेल्या माणसाची मूत्रपिंडं मंदावली असतील, तर औषध अंगात साठतं. झोपाळूपणा, गोंधळ, बरळणं सुरू होतं, आणि घरच्यांना वाटतं माणूस थकलाय. तुमच्या यजमानांचा डोस दिवसाला ७५ मिलीग्रॅम आहे. नेहमीच्या वापरात ८० ही वरची मर्यादा धरतात. तिच्या इतक्या जवळ असताना क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, केल्याशिवाय एक मिलीग्रॅमही वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रक्त देतच आहात तर यकृताच्याही तपासण्या सांगा. टिझॅनिडिन चालू असताना त्या लागतातच.

त्यानंतर अंग तपासा. रोज रात्री त्यांना कुशीवर वळवून माकडहाड, बैठकीची हाडं, टाचा, घोटे बघा. मोबाइलवर फोटो काढून त्यांनाही दाखवा, त्यांचं शरीर त्यांना दिसायला हवं. लालसर डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, त्या जागेवर पुन्हा भार द्यायचा नाही. शौचाची वेळ ठरलेली आहे का ते पत्रात नाही. दोन-तीन दिवस आड होत असेल तर तेही पाय बिघडायला पुरेसं कारण आहे. आणि दिवाळीनंतर बिघडलं म्हणताय, तर थंडीचाही हात असेलच. पहाटे पाय जास्त ताठत असतील तर मोजे, गोधडी, उबदार खोली एवढं करा. पण गरम पाण्याची पिशवी पायाशी मुळीच ठेवू नका. त्यांना चटका कळणार नाही.

एक चाचणी तुम्ही घरी करू शकता. ते आडवे असताना गुडघा आधी अगदी सावकाश वाकवून बघा, मग जरा झटकन वाकवा. सावकाश केल्यावर पूर्ण वाकतो आणि झटकन केल्यावर अडतो, तर तो ताठरपणा आहे आणि औषधाला दाद देईल. सावकाश, एक-दोन मिनिटं धीर धरूनही एका ठरावीक ठिकाणी अडतोच, तर तिथे स्नायू किंवा सांधा आखूड झालाय. त्याला जगातली कुठलीही गोळी लांब करू शकत नाही. त्याला रोजचं ताणणं, स्प्लिंट, उभं राहण्याची फ्रेम आणि कधी कधी ऑपरेशन लागतं. फार जोर लावू नका, मणक्याच्या रुग्णांची हाडं ठिसूळ झालेली असतात. फिजिओंना मॉडिफाइड ॲशवर्थ मोजमाप लिहून द्यायला सांगा. त्यात ० ते ४ असे गुण असतात. पुढे औषध बदललं तर फरक पडला की नाही हे त्या आकड्यावरून ठरेल. "जरा बरं वाटतंय" एवढ्यावर काही ठरत नाही.

आणखी एक कारण कमी आढळतं, पण सुटता कामा नये. इजेनंतर काही वर्षांनी मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते. बधिरपणाची रेघ छातीवर वर सरकायला लागली, हातांत कळा किंवा अशक्तपणा आला, खोकल्यावर पाठीत-मानेत कळ गेली, तर एमआरआय लांबवू नका.

हे सगळं तपासून, जे सापडेल ते दुरुस्त करूनही पाय तसेच राहिले, तर मग सवय झाली म्हणूया. बॅक्लोफेन नसांवरच्या ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, काम करतं, ते सतत औषध मिळाल्याने थोडे मंदावू शकतात, यात शंका नाही. पण तिथेही लगेच नवं औषध आणायची घाई नको. आधी वेळा बघा. बॅक्लोफेनचा अंमल चार-सहा तासांचाच असतो. रात्री नऊला गोळी घेतली तर पहाटे तीनला तिचा जोर संपलेला असतो, आणि तुमचे झटके नेमके त्याच सुमाराचे आहेत असं पत्रावरून दिसतं. एकूण डोस तोच ठेवून तो चार भागांत विभागता येईल का, झोपतानाचा भाग थोडा मोठा ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एक आठवडा वहीत गोळीची वेळ, झटक्यांची वेळ, नळीची वेळ आणि शौच एवढं लिहून न्या. ती वही बघून डॉक्टरांचं निम्मं काम होईल.

मग दुसरी औषधं. टिझॅनिडिन तुमच्याकडे आहेच, त्याचा डोस अजून लहान असेल तर रक्तदाब आणि यकृत सांभाळून हळूहळू वाढवता येतो. पायांत जळजळ, मुंग्या, कळा असतील तर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दुखणं आणि ताठा दोन्हींना उपयोगी पडतात. हीही मूत्रपिंडावाटेच जातात, म्हणून पुन्हा क्रिएटिनिन. डायझेपाम वेगळ्या ग्राहकांवर काम करतं, त्यामुळे बॅक्लोफेन थकलं तरी ते लागू पडतं. रात्रीपुरतं, थोड्या दिवसांसाठी त्याला जागा आहे. पण ज्या सवयीची तुम्हाला काळजी आहे ती याचीच सगळ्यात लवकर आणि सगळ्यात घट्ट लागते. म्हणून मी ते कायमचं लावायच्या विरोधात आहे. डँट्रोलिन नावाचं औषध थेट स्नायूवर काम करतं. ते यकृताला जड आहे आणि आपल्या भागात फारसं वापरात नाही. शिवाय ते सगळेच स्नायू सैल करतं. तुमच्या यजमानांची सगळी भिस्त दंडांवर आहे, खुर्चीतून पलंगावर ते हातांच्या जोरावर जातात. ती ताकद कमी करणारं औषध मी त्यांच्यासाठी शेवटी ठेवीन. मेडिकलमध्ये कंबरदुखीसाठी मिळणाऱ्या थायोकोल्चिकोसाइडसारख्या गोळ्या या आजारासाठी नाहीत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये तिचा तोंडावाटे वापर ७ दिवसांपुरताच ठेवायला सांगितलं. ती महिनोन्‌महिने चालू ठेवायची गोष्ट नव्हे. झोपेची किंवा मन उदास असल्याची काही गोळी चालू असेल तर तेही सांगा. नैराश्यावरच्या काही औषधांनी ताठरपणा वाढलेला आढळतो.

पण ताई, सगळ्या गोळ्यांची अडचण एकच आहे. त्या सगळ्या अंगात जातात, आणि तुमचा त्रास मुख्यतः मांड्यांच्या आतल्या स्नायूंचा आहे. पाय कात्रीसारखे होतात, त्यामुळे नळी घालणं अवघड, स्वच्छता अवघड, खुर्चीत बसणं अवघड. अशा वेळी त्या स्नायूलाच गाठणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याचे दोन मार्ग आहेत.

एक, बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. नसेकडून स्नायूला जाणारा आदेश ते रोखतं. परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत दिसायला लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. तीन महिन्यांच्या आत परत देत नाहीत. घाईघाईने पुन्हा पुन्हा दिलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि मग हेही औषध लागू पडेनासं होतं. एका वेळी किती द्यायचं याला मर्यादा असते, आणि मोठ्या माणसाच्या मांड्यांना औषध भरपूर लागतं. त्यामुळे खर्च जास्त, आणि तो वर्षातून तीन-चार वेळा.

दुसरा मार्ग फिनॉलचा, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण स्वस्त असल्यामुळे की काय, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. ५ ते ७ टक्क्यांचं औषधी फिनॉल, मांडीच्या आतल्या स्नायूंना जाणाऱ्या ऑब्ट्युरेटर नसेजवळ, सोनोग्राफी किंवा विजेच्या स्टिम्युलेटरच्या मदतीने सोडतात. नस तात्पुरती बधिर होते, स्नायू ढिला पडतो, परिणाम काही महिने टिकतो. औषधाची किंमत बोटुलिनमच्या मानाने अगदीच किरकोळ. ज्या नसेत संवेदना जास्त असते तिथे फिनॉल दिलं तर जळजळ राहण्याचा धोका असतो, पण ऑब्ट्युरेटर नस मुख्यतः स्नायूंची आहे, म्हणून तिथे ते बरंच सुरक्षित ठरतं. हात सराईत हवा, एवढी अट. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मी आधी हे करून बघेन.

पंप तेव्हा, जेव्हा ताठा पोटापासून पायापर्यंत सगळीकडे असेल आणि बाकीचं करून झालं असेल. बॅक्लोफेन रक्तातून मज्जारज्जूपर्यंत फारच थोडं पोचतं, म्हणून तोंडाने इतकं घ्यावं लागतं. १९८४ मध्ये शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रोइन यांनी ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडून दाखवलं, आणि अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तिथे मिलीग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये औषध पुरतं, त्यामुळे झोपाळूपणाही कमी. पंप बसवण्याआधी कमरेतून साधारण ५० मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन देऊन पुढचे काही तास पाय किती सैल पडतात ते बघतात. या चाचणीला पंप लागत नाही. तेव्हा निदान चाचणीचा विषय घरात पुन्हा काढायला हरकत नाही. पंपाचा खर्च काही लाखांत जातो, बॅटरी साधारण ५ ते ७ वर्षं चालते, मग नवा पंप. औषध दर एक ते सहा महिन्यांनी सुईने भरावं लागतं. माझा पहिला प्रश्न म्हणून पैशांचा नसतो. भरायला कुठे जाणार, हा असतो. पुण्या-मुंबईला ठरलेल्या तारखेला, पावसापाण्यातही पोचता येणार असेल तरच पुढे जा. पंप रिकामा पडला किंवा त्याची नळी दुमडली तर अचानक औषध तुटल्याचा तोच धोका असतो, आणि तोंडाच्या गोळीपेक्षा जास्त तीव्र.

भांगेच्या तेलाला माझं उत्तर नाही असं आहे. गांजाच्या झाडापासून काढलेल्या घटकांचा तोंडात मारायचा एक फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून आहे, पण तो मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारातल्या ताठरपणासाठी मान्य झालेला आहे आणि आपल्याकडे मिळत नाही. तुम्हाला सुचवलेल्या बाटलीत काय आणि किती आहे याचा भरवसा कोणी देणार नाही. बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिनवर असलेल्या माणसाला त्यात आणखी गुंगी आणि आणखी रक्तदाब उतरवणारी गोष्ट नको.

कुठे जायचं? लघवीचं कल्चर, रक्त, सोनोग्राफी हे सगळं कोल्हापुरातच होईल, सीपीआर या सरकारी रुग्णालयात झालं तर खर्चही आटोक्यात राहील. फिनॉल, बोटुलिनम किंवा पंपाच्या चाचणीसाठी पुनर्वसन-वैद्यक, म्हणजे पीएमआर विभागाचे डॉक्टर गाठा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून हेच काम करते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत. व्हीलचेअर घेऊन एवढा प्रवास कसा करायचा, कुठे उतरायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच विचारलेलं बरं. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये तुम्हाला तशी माणसं भेटतील. मणक्याची इजा घेऊन वर्षानुवर्षं नीट जगणाऱ्या माणसांशी बोलून तुमच्या यजमानांनाही बरं वाटेल.

जाण्याआधी त्यांना एक विचारा आणि ते काय म्हणतात ते वहीत पहिल्या पानावर लिहा: या त्रासातलं नेमकं काय गेलं पाहिजे? रात्रीची झोपमोड, दुकानात खुर्चीतून घसरणं, की नळी घालताना होणारी ओढाताण? सगळा ताठा घालवायचा नसतो. पलंगावर सरकताना पाय थोडे ताठ राहिल्याचा काहींना उपयोगही होतो, आणि संसर्गाची पहिली सूचना तोच देतो. रात्रीच सतावत असेल तर डोसच्या वेळा बदलून भागेल, मांड्याच अडवत असतील तर फिनॉल, सगळंच असह्य असेल तर पंपाची चाचणी. हे उत्तर त्यांचं असायला हवं.

या वाटेवर मधेच कधी ताप आला, भास झाले, लघवी लालकाळी झाली, एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजून गरम लागला, किंवा ते नीट जागे होईनात, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच तासाला कॅज्युअल्टीत न्या, आणि आत शिरताच सांगा की पेशंट रोज ७५ मिलीग्रॅम बॅक्लोफेनवर आहे आणि शेवटची गोळी किती वाजता दिली. ज्यांची इजा छातीच्या वरच्या भागात, डी ६ किंवा त्याच्या वर आहे, त्यांनी यात आणखी एक धरावं: एकदम ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर घाम, वाढलेला रक्तदाब. तेव्हा रुग्णाला आधी उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी तुंबलीय का बघायचं, आणि लगेच दवाखाना गाठायचा.

कल्चरचा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की मला कळवा. आकडे बघून पुढचं लिहीन.